फोनचं घड्याळ आणि नेटवर्कची कोंडी: कंटेंट-सेंट्रिक नेटवर्कमध्ये मिलिसेकंद का मोजावे लागतात?

व्हिडिओ मध्येच अडकतो, स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागतं आणि आपण वैतागून फोन हलवतो. हलवून काही होत नाही हे मला माहीत आहे, तरी मीही हलवतो. त्या काही क्षणांत नेटवर्कच्या एका टोकाला अगदी साधा प्रश्न पडलेला असतो: पॅकेट अजून पोहोचलेलं नाही, तर आणखी थांबायचं की ते हरवलं असं समजायचं?

घाई केली, तर आधीच भरलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या घुसतात. उशीर केला, तर रस्ता मोकळा असूनही आपण ताटकळत बसतो. हा निर्णय घड्याळ बघून होतो. आजच्या इंटरनेटवर तुम्ही काही डाउनलोड करता तेव्हा हे घड्याळ बहुतेक वेळा सर्व्हरचं असतं. कंटेंट-सेंट्रिक नेटवर्कमध्ये मात्र ते तुमच्या फोनचं असतं. म्हणून ते किती बारीक मोजतं आणि नक्की काय मोजतं, हे समजून घेऊया.

कंटेंट-सेंट्रिक नेटवर्क म्हणजे काय?

आजचं इंटरनेट पत्त्यावर चालतं. तुम्हाला मॅचची क्लिप हवी असते, पण नेटवर्कला सांगावं लागतं की अमुक आयपी अ‍ॅड्रेसच्या मशीनशी मला जोडून दे. लोकलच्या एकाच डब्यात पन्नास जण तीच क्लिप बघत असले, तरी नेटवर्कच्या दृष्टीने ती पन्नास वेगळी संभाषणं.

कंटेंट-सेंट्रिक नेटवर्कमध्ये फोन थेट वस्तूचं नाव घेतो. "या नावाच्या व्हिडिओचा ५१ वा तुकडा द्या", अशी छोटी मागणी निघते. तिला इंटरेस्ट पॅकेट म्हणतात. वाटेतल्या ज्या राउटरच्या कॅशेमध्ये तो तुकडा असेल, तो तिथूनच डेटा पॅकेट परत पाठवतो. कुणाकडेच नसेल, तर मागणी मूळ सर्व्हरपर्यंत जाते. एक इंटरेस्ट गेला की जास्तीत जास्त एकच डेटा पॅकेट परत येतं, हा इथला पाया.

राउटर एक वहीसुद्धा ठेवतो: कुणी काय मागितलं आणि अजून काय मिळालेलं नाही. एकाच तुकड्यासाठी दोन फोनकडून मागणी आली, तर तो एकच पुढे पाठवतो आणि उत्तर आलं की दोघांना वाटतो.

ही कल्पना व्हॅन जेकबसन यांनी २००६ च्या सुमारास जोरात मांडायला सुरुवात केली. २००९ मध्ये पालो आल्टो रिसर्च सेंटरमधल्या त्यांच्या गटाचा शोधनिबंध आला आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून नेम्ड डेटा नेटवर्किंग, म्हणजे एनडीएन, हा प्रकल्प सुरू झाला. जेकबसन हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीतही तेच आहेत.

१९८६ चा धडा

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. दोघांमधल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून घसरून चक्क ४० बिट्सवर आला. म्हणजे आठशे पट घसरण. तार तुटली नव्हती, मशीन बंद पडलं नव्हतं. रांगेत अडकलेली पॅकेट्स हरवली असं समजून कॉम्प्युटर तीच पॅकेट्स पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि रांग आणखी वाढत होती.

जेकबसन यांनी यावर काम करून १९८८ मध्ये उपाय मांडले. आजही टीसीपी त्याच पायावर उभं आहे. त्यातले दोन आपल्या कामाचे:

पहिला, विंडो. एका वेळी किती पॅकेट्स वाटेत असू द्यायची याची मर्यादा. सगळं सुरळीत असेल तर ती हळूहळू वाढवायची, कोंडीची चाहूल लागली की झटकन अर्धी करायची.

दुसरा, टाइमआउटचा नीट हिशोब. किती वेळ वाट बघायची, हे अंदाजपंचे न ठरवता मोजून ठरवायचं.

आरटीओ, पण लायसन्सवालं नाही

पॅकेट जाऊन उत्तर परत येईपर्यंतचा वेळ म्हणजे राउंड ट्रिप टाइम, अर्थात आरटीटी. आणि "आता थांबणं पुरे, पॅकेट हरवलं" असं ठरवण्याची मर्यादा म्हणजे रिट्रान्समिशन टाइमआउट, म्हणजे आरटीओ. इथे एजंट लागत नाही, सूत्र लागतं:

आरटीओ = सरासरी आरटीटी + (४ × चढउतार)

चढउतार म्हणजे आरटीटी सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते. रोज ४० मिनिटांत येणारी बस कधी ३८, कधी ४२ मिनिटं घेत असेल, तर तुम्ही ४८ मिनिटांनी हताश होऊन रिक्षा बघाल. तीच बस कधी २० तर कधी ६० मिनिटं घेत असेल, तर जास्त थांबाल. सूत्र नेमकं हेच करतं.

टीसीपीच्या प्रमाणित नियमात या सूत्राला एक पुरवणी आहे. चढउताराचा भाग घड्याळाच्या एका टिकपेक्षा लहान आला, तर त्याच्या जागी टिकच धरायची. म्हणजे सूत्रानेच कबूल केलंय की घड्याळ जाड असू शकतं आणि जाड घड्याळाच्या "चढउतार शून्य" या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही.

भाजीच्या काट्यावर सोनं

घड्याळाची टिक म्हणजे ते मोजू शकतं असा सगळ्यात लहान वेळ. भाजीच्या काट्यावर कांदे छान तोलता येतात, पण त्यावर एक ग्रॅमची अंगठी ठेवली तर काटा हलणारच नाही. काटा बिघडलेला नसतो, त्याची रेघ जाड असते.

जुन्या बीएसडी युनिक्समध्ये टीसीपीचा टायमर दर ५०० मिलिसेकंदांनी एकदा बघायचा. १९९४ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी टीसीपी व्हेगास आणलं, तेव्हा त्यांनी याचा हिशोब मांडला. त्यांच्या मोजणीत जुनं टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवायला सरासरी ११०० मिलिसेकंद घेत होतं. घड्याळ बारीक असतं, तर ३०० पेक्षा कमी मिलिसेकंदांत काम झालं असतं. जवळपास एक अख्खा सेकंद फुकट गेला, तो घड्याळाच्या जाड रेघांमुळे.

पुढे डेटा सेंटरमध्ये हेच दुखणं वेगळ्या रूपात आलं. तिथे दोन सर्व्हरमधला आरटीटी एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो, पण लिनक्समधला किमान टाइमआउट २०० मिलिसेकंदांचा. एक पॅकेट पडलं की शेकडो फेऱ्यांचा वेळ वाया. २००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी मायक्रोसेकंद मोजणारे टायमर वापरून हा ताटकळण्याचा प्रश्न सुटतो हे दाखवलं. यातून एक सरळ नियम निघतो: माल जितका जवळून येणार, तितकं घड्याळ बारीक हवं. कंटेंट-सेंट्रिक नेटवर्कचा तर सगळा खटाटोपच माल जवळून आणण्यासाठी आहे.

इथे घड्याळाचं वजन जास्त का?

दोन कारणं आहेत.

पहिलं, सूत्रं फोनच्या हातात असतात. टीसीपीमध्ये डेटा पाठवणारा, म्हणजे डाउनलोडच्या वेळी सर्व्हर, विंडो आणि टाइमआउट सांभाळतो. इथे फोनने मागितलं तरच डेटा येतो. त्यामुळे किती इंटरेस्ट एका वेळी सोडायचे आणि कधी पुन्हा मागायचं, हे मुख्यतः फोनच ठरवतो.

दुसरं, हरवल्याची बाकीची खूण कमजोर पडते. टीसीपीला प्रत्येक वेळी टाइमआउटची वाट बघावी लागत नाही. ७ नंबरचं पॅकेट न येता ८, ९, १० आली, की ७ पडलं असावं हे लगेच कळतं. कंटेंट-सेंट्रिक नेटवर्कमध्ये ८ वा तुकडा शेजारच्या कॅशेमधून आणि ७ वा लांबच्या सर्व्हरवरून येत असू शकतो. क्रम चुकणं इथे रोजचंच आहे. मग फोनच्या हातात उरतं काय? घड्याळ.

एनडीएनमध्ये प्रत्येक इंटरेस्टला आयुष्य दिलेलं असतं आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ते ४ सेकंदांचं धरतात. पण ती राउटरच्या वहीतली नोंद पुसण्याची मुदत आहे. प्रत्येक हरवलेल्या तुकड्यासाठी फोन ४ सेकंद थांबला, तर तुमचा व्हिडिओ बघून झालाच म्हणायचा.

जाड घड्याळाने काय बिघडतं?

समजा, जवळच्या कॅशेमधून तुकडा बरोबर ३ मिलिसेकंदांत येतोय आणि घड्याळाची टिक १० मिलिसेकंदांची आहे. (कल्पनेतली टिक नाही ही. विंडोजमध्ये नेहमीची टिक सुमारे १५.६ मिलिसेकंदांची असते आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये १० मिलिसेकंदांची टिक बरीच वर्षं चालली.)

एक: नसलेला चढउतार दिसतो. मोजणी कधी ० येईल, कधी १०. दहापैकी साधारण तीन वेळा १०, बाकी ०. सरासरी ३ येईल, म्हणजे बरोबर. पण चढउतार निघेल ४.२ मिलिसेकंद. सूत्रात टाका: ३ + ४ × ४.२, म्हणजे जवळपास २० मिलिसेकंद. रस्ता घड्याळासारखा नियमित, डळमळीत आहे ते घड्याळच.

दोन: असलेली रांग दिसत नाही. राउटरमध्ये रांग साचायला लागली आणि आरटीटी ३ वरून ६ झाला. वेळ दुप्पट झाली, पण एकेका मोजणीत अजून ० किंवा १० च दिसतंय. पॅकेट्स पडण्याआधीच, वाढत्या आरटीटीवरून कोंडी ओळखणाऱ्या पद्धतींचे डोळेच गेले.

तीन: मागण्या घोळक्याने निघतात. दर मिलिसेकंदाला १५०० बाइटचं एक पॅकेट यायला हवं असेल, म्हणजे वेग १२ एमबीपीएस, तर दर मिलिसेकंदाला एक इंटरेस्ट सुटायला हवा. पण टायमर दर १० मिलिसेकंदांनीच वाजत असेल, तर दहा इंटरेस्ट एकदम सुटतील आणि दहा डेटा पॅकेट्स एकदम परत निघतील. वाटेतल्या राउटरच्या रांगेत सहाच जागा असल्या, तर सरासरी वेग योग्य असूनही काही पॅकेट्स पडू शकतात.

तिसऱ्या मुद्द्यात एक बारकावा आहे. घड्याळ *वाचणं* आणि गजर *वेळेवर वाजणं* या वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या फोनमधलं घड्याळ नॅनोसेकंदांत आकडा देतं. गजराचं तसं नाही. प्रत्येक गजर म्हणजे प्रोसेसरला झोपेतून उठवणं, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम जवळजवळचे गजर एकत्र करून वाजवते, बॅकग्राउंडमधल्या अ‍ॅपचे तर नक्कीच.

मग सगळं घड्याळ बारीक करून टाकूया?

मलाही आधी असंच वाटलं होतं. पण हा पुढचा हिशोब केला आणि मत बदललं.

आता घड्याळ अगदी सोनाराच्या काट्यासारखं आहे असं समजा. व्हिडिओचे पहिले ५० तुकडे जवळच्या कॅशेमधून आले, प्रत्येकी ४ मिलिसेकंदांत. चढउतार फक्त अर्ध्या मिलिसेकंदाचा. आरटीओ झाला ४ + ४ × ०.५ = ६ मिलिसेकंद. ५१ वा तुकडा मात्र त्या कॅशेमध्ये नाही. तो लांबच्या सर्व्हरवरून १८० मिलिसेकंदांत येणार आहे.

फोनला हे माहीत नाही. ६ मिलिसेकंद झाले, फोन म्हणतो हरवलं, पुन्हा मागतो. दर वेळी थांबण्याची मुदत दुप्पट करायची हा नियम तो पाळतो. म्हणजे ६, १८, ४२ आणि ९० व्या मिलिसेकंदाला तो तोच तुकडा पुन्हा मागतो. १८० व्या मिलिसेकंदाला पहिल्याच मागणीचा डेटा येऊन पोहोचतो. चार मागण्या फुकट. प्रत्येक वेळी विंडो अर्धी केली असेल, तर ३२ ची १६, ८, ४ आणि शेवटी २. रस्त्यावर कुठेही कोंडी नव्हती. तरी वेग पडला.

राउटरची वही थोडं सांभाळून घेते. तोच तुकडा पुन्हा मागितला गेलाय हे ओळखून ती घाईची मागणी अडवता येते, म्हणून १९८६ सारखा पूर येईलच असं नाही. पण विंडो फोनने स्वतःच कापून घेतली, ती राउटर भरून देणार नाही.

गंमत अशी, की २०० मिलिसेकंदांच्या जाड टाइमआउटने इथे काहीच बिघडलं नसतं. म्हणजे बारीक घड्याळ वाईट का? तर नाही. फोनने दोन वेगळ्या वाटांचे वेळ एकाच सरासरीत कोंबले, चूक तिथे झाली. दादर ते परळ आणि दादर ते नागपूर या प्रवासांची सरासरी कितीही अचूक काढली, तरी कुठल्याच प्रवाशाच्या कामाची नाही.

फोनमधली दोन घड्याळं

कॉलेजात असताना एका मोबाइल गेममधल्या लाइफ संपल्या की मी फोनची तारीख एक दिवस पुढे ढकलायचो. गेम फसायचा, लाइफ मिळायच्या. पण चॅटचं अ‍ॅप रुसून बसायचं आणि मेसेज भलत्याच क्रमाने दिसायचे. तेव्हा कळलं नव्हतं, पण फोनमध्ये दोन घड्याळं असतात.

एक भिंतीवरचं. तारीख-वेळ दाखवणारं. हे पुढे-मागे ढकलता येतं आणि फोन स्वतःही नेटवर्कवरून वेळ घेऊन ते दुरुस्त करतो. दुसरं स्टॉपवॉचसारखं. फोन सुरू झाल्यापासून ते फक्त पुढेच जातं. दोन क्षणांमधलं अंतर मोजायला दुसरंच वापरा, असं अँड्रॉइडच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनमध्येच बजावलंय. पहिल्या घड्याळाने आरटीटी मोजला आणि मध्येच ते मागे सरकलं, तर उत्तर प्रश्नाच्या आधी आलं असा निकाल निघेल.

आणखी एक गैरसमज काढून टाकूया. घड्याळ बारीक असणं आणि बरोबर असणं यात फरक आहे. साधा क्वार्ट्झ क्रिस्टल दहा लाखांत २० भागांनी चुकत असेल, तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद चुकतो. पण १०० मिलिसेकंदांचा आरटीटी मोजताना तीच चूक फक्त २ मायक्रोसेकंद होते. आरटीटीची सुरुवात आणि शेवट एकाच घड्याळावर मोजले जातात, त्यामुळे फोनमध्ये चार वाजलेत की पाच, याने काही बिघडत नाही. एनडीएनमध्ये इंटरेस्टचं आयुष्य आणि डेटाचा ताजेपणा दोन्ही "इतके मिलिसेकंद" असेच सांगितले जातात, "इतक्या वाजेपर्यंत" असे नाही. त्यामुळे जगभरच्या राउटरची घड्याळं जुळवत बसावं लागत नाही.

उपाय: जिथली रांग, तिथलं घड्याळ

संशोधकांनी दोन दिशांनी वाट काढली आहे.

वाटेनुसार वेगळा हिशोब. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सीसीटीसीपी ही पद्धत मांडली. कुठला तुकडा कुठून येईल याचा अंदाज आधीच घ्यायचा आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी विंडो आणि वेगळा टाइमआउट ठेवायचा. म्हणजे दादर-परळची सरासरी वेगळी, दादर-नागपूरची वेगळी.

राउटरलाच बोलू द्यायचं. २०१६ मध्ये एनडीएनसाठी पीकॉन नावाची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक राउटर आपल्या रांगेवर कोडेल या तंत्राने लक्ष ठेवतो. कोडेल हे कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच व्हॅन जेकबसन यांचं, २०१२ मधलं. पॅकेट रांगेत शिरलं तेव्हाची वेळ टिपायची, बाहेर पडताना वजा करायची. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिला, तर कोंडी आहे. मग पीकॉनमध्ये राउटर परतणाऱ्या डेटा पॅकेटवर खूण करतो आणि ती बघून फोन विंडो कमी करतो.

याचं बलस्थान लक्षात आलं का? रांग राउटरमध्ये, घड्याळही त्याच राउटरचं. तुकडा कॅशेमधून आला की सातासमुद्रापलीकडून, याने मोजणीत गोंधळ होत नाही. अट एकच: ५ मिलिसेकंदांची रेघ स्पष्ट दिसेल इतकं ते घड्याळ बारीक हवं. १० मिलिसेकंदांच्या टिकवर कोडेल म्हणजे भाजीच्या काट्यावर अंगठी.

तुमच्या फोनशी याचा संबंध

कंटेंट-सेंट्रिक नेटवर्क अजून आपल्या फोनमध्ये आलेलं नाही, ते मुख्यतः संशोधनात आणि प्रयोगांच्या नेटवर्कवर आहे. पण प्रश्न आलेला आहे. आज तुमचा व्हिडिओ कधी जवळच्या कॅशे सर्व्हरवरून येतो, कधी लांबून. यूट्यूब ज्यावर चालतं त्या क्विक प्रोटोकॉलच्या २०२१ मधल्या नियमावलीत टायमरची टिक १ मिलिसेकंद ठेवावी अशी शिफारस आहे. ५०० वरून १, हा प्रवास आपल्या हातातल्या फोनपर्यंत येऊन पोहोचला आहे.

थोडक्यात तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- घड्याळाची टिक ही वाटेच्या आरटीटीपेक्षा बरीच लहान हवी, नाहीतर रांग दिसत नाही आणि थांबणं वाढतं.
- वेगवेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या तुकड्यांचे वेळ एकत्र केले, तर बारीक घड्याळसुद्धा खोटा गजर देतं.
- अंतर मोजायचं तर स्टॉपवॉच वापरायचं, भिंतीवरचं घड्याळ नाही.

पुढच्या वेळी ते चक्र फिरायला लागलं, की फोन हलवण्याआधी आठवा: कुठलं तरी घड्याळ तुमच्यासाठी "थांबू की पुन्हा मागू" हे ठरवतंय. आणि उद्या ते तुमच्याच खिशातलं असू शकतं.